ॲलन ब्लुमलाइन: सिनेमा बघता बघता ज्याला स्टिरिओ सुचला

घरी होम थिएटर घ्यायचं ठरलं की पहिला वाद होतो तो आकड्यांवरून. पाच पॉइंट एक घ्यायचं की सात पॉइंट एक? मागचे स्पीकर कुठे टांगायचे? छतात भोकं पाडायला आई हो म्हणेल का? या सगळ्या गडबडीत एक साधा प्रश्न मागे पडतो. टीव्हीच्या आजूबाजूला जे तीन स्पीकर असणार आहेत, डावा, उजवा आणि मधला, त्यांचं एकमेकांशी जमणार आहे का? पडद्यावर माणूस जिथे उभा आहे, तिथूनच त्याचा आवाज येणार आहे का?

हा प्रश्न चांगला नव्वद वर्षांहून जुना आहे. १९३१ च्या सुरुवातीला लंडनमधला एक सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर, डोरीनबरोबर, जवळच्या थिएटरात सिनेमा बघायला गेला होता. बोलपट नवे होते. आवाज एकाच ठिकाणाहून यायचा. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचं बोलणं भलत्याच बाजूने, असा प्रकार. बाकीचे प्रेक्षक बोलणारं चित्र बघूनच खूश होते. हा मात्र अस्वस्थ झाला. आवाजाला नटाच्या मागे मागे चालायला लावायची युक्ती आपल्याला सापडली आहे, असं त्याने डोरीनला सांगून टाकलं. त्याचं नाव ॲलन डॉवर ब्लुमलाइन. तुमच्या इअरफोनवर जे एल आणि आर लिहिलेलं असतं, त्यामागे याच माणसाचं डोकं आहे.

ॲलनचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनच्या हॅम्पस्टेडमधला. वडील मूळचे जर्मन, नंतर ब्रिटिश नागरिक झालेले, खाणींच्या धंद्यातले इंजिनिअर. आई स्कॉटिश वंशाच्या मिशनरी घराण्यातली. पोराचे पाय पाळण्यात दिसले म्हणतात तसं इथे झालं. सात वर्षांचा असताना त्याने घरातली दारावरची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात रीतसर बिल ठेवलं, स्वतःच्या नावापुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर असं लावून! गंमत म्हणजे याच मुलाला बारा वर्षांचा होईपर्यंत धड वाचता येत नव्हतं, असं त्याच्या बहिणीने पुढे सांगितलं. यावर त्याचं उत्तर असं की वाचन नसेल येत, पण वर्गसमीकरणं भरपूर येत होती. आपल्याकडे असं पोर असतं तर घरच्यांनी किती क्लास लावले असते, विचार करा.

हायगेट शाळेतून तो शिष्यवृत्ती मिळवून इंपीरियल कॉलेजच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात गेला आणि १९२३ मध्ये पहिल्या वर्गात बीएससी झाला. १९२४ मध्ये टेलिफोनच्या कंपनीत नोकरी धरली. तिथला त्याचा विषय होता क्रॉसटॉक. म्हणजे काय, तर तुम्ही एका लाइनवर बोलताय आणि शेजारच्या लाइनवरचं तिसऱ्याच कुणाचं तरी बोलणं तुमच्या कानात झिरपतंय. दोन तारांमधून जाणारे दोन आवाज एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हे त्याचं पाच वर्षांचं काम. पुढे त्याने जे केलं त्याची तालीम इथेच झाली, असं मला वाटतं. दोन आवाज वेगळे कसे ठेवायचे हे ज्याला नीट कळलं, तोच ते मुद्दाम कसे आणि किती मिसळायचे हेही सांगू शकतो.

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. साहेब होते आयझॅक शोएनबर्ग. त्यांची पहिली ऑर्डर पैशांच्या अडचणीतून आलेली होती. तबकडीवर रेकॉर्डिंग कोरायचं यंत्र अमेरिकनांच्या पेटंटखाली होतं आणि प्रत्येक रेकॉर्डमागे त्यांना रॉयल्टी मोजावी लागायची. ते पेटंट टाळून दुसरं यंत्र बनवायचं होतं. ब्लुमलाइनने हर्बर्ट होलमन आणि हेन्री क्लार्क या सहकाऱ्यांना घेऊन ते करून दाखवलं, आणि नवं यंत्र जुन्यापेक्षा सरस निघालं. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय झाली. ग्रामोफोन कंपनी म्हणजे एचएमव्ही. आजोबांच्या कपाटात एखादी जुनी रेकॉर्ड असेल आणि तिच्यावर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असेल, तर तेच हे घराणं.

आता त्या युक्तीकडे येऊ.

आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं कसं? दोन कान आहेत म्हणून. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित आधी पोचतो आणि किंचित मोठा ऐकू येतो. हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण मेंदू तो पकडतो. जाड, खालच्या आवाजांसाठी मेंदू मुख्यतः वेळेच्या फरकावर चालतो आणि बारीक, वरच्या आवाजांसाठी लहानमोठेपणावर. सोपा उपाय म्हणजे दोन माइक, दोन इअरफोन. पण सिनेमाच्या थिएटरात सगळ्यांना इअरफोन कुठून देणार? तिथे स्पीकरच हवेत. आणि स्पीकर आले की घोळ होतो, कारण डाव्या स्पीकरचा आवाज फक्त डाव्या कानात जात नाही. तो दोन्ही कानांत जातो. उजव्याचंही तसंच.

ब्लुमलाइनची खरी करामत इथे आहे. दोन्ही कानांत दोन्ही स्पीकर ऐकू येतात याची इतरांना अडचण वाटली असती, त्याने त्याचाच उपयोग करून घेतला. त्याने गणित मांडून दाखवलं की दोन स्पीकरना फक्त कमीजास्त मोठा आवाज दिला, तरी कानांपर्यंत पोचेपर्यंत त्यांच्या मिसळण्यातून खालच्या आवाजांसाठी हवा तो वेळेचा फरक आपोआप तयार होतो. म्हणजे माइकने एवढंच मोजायचं की कुठल्या बाजूने किती मोठा आवाज आला. त्यासाठी त्याने दोन माइक एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात ठेवायची पद्धत सांगितली. आजही रेकॉर्डिंग शिकणारी पोरं या जोडीला ब्लुमलाइन पेअर म्हणूनच ओळखतात.

१४ डिसेंबर १९३१ ला पेटंटचा अर्ज गेला आणि १९३३ मध्ये ते मंजूर झालं. क्रमांक ३९४३२५. एका पेटंटमध्ये तब्बल ७० दावे. माइक कसे ठेवायचे, सिनेमाच्या फिल्मवर दोन आवाज कसे नोंदवायचे, तबकडीच्या एकाच खाचेत दोन आवाज कसे मावतील, सगळं त्यात होतं. खाचेची कल्पना तर फारच सुंदर. खाचेला दोन भिंती असतात. त्या एकमेकींशी काटकोनात ठेवा आणि एका भिंतीवर एक आवाज, दुसरीवर दुसरा आवाज कोरा. सुई एकच, पण ती दोन्ही भिंतींवरून एकदम वाचत जाते.

आणखी एक गोष्ट त्यात होती, तिच्याशी तुमचा रोज संबंध येतो. डावा आणि उजवा असे दोन आवाज ठेवण्याऐवजी त्यांची बेरीज आणि वजाबाकी ठेवली तरी चालतं. बेरजेत मधला आवाज येतो, वजाबाकीत बाजूंचा. हवं तेव्हा पुन्हा डावा-उजवा काढता येतो. एफएम रेडिओचा स्टिरिओ असाच येतो. फोनमधल्या एमपीथ्री फाइलमध्ये जॉइंट स्टिरिओ असतो, तोही बहुतेकदा हाच हिशेब करून जागा वाचवतो.

जानेवारी १९३४ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम यांचा ऑर्केस्ट्रा मोझार्टची ज्युपिटर सिंफनी वाजवत होता, तेव्हा ब्लुमलाइनच्या टोळीने ती स्टिरिओत नोंदवली. १९३५ मध्ये त्यांनी छोट्या फिल्म काढल्या. एकीत सहकारी रंगमंचावर इकडून तिकडे बोलत फिरतात. दुसरीत हेज स्टेशनवरून जाणाऱ्या रेल्वेगाड्या आहेत, पाच मिनिटांच्या आसपास. गाडी सरकते तसा आवाजही सरकतो. डोरीनला दिलेला शब्द चार वर्षांत खरा झाला होता.

आणि मग? काहीच नाही. ईएमआयने हे काम बाजूला ठेवलं. कंपनीला टेलिव्हिजन करायचा होता, माणसं तिकडे वळवली गेली. दोन स्पीकरचा सिनेमा कपाटात गेला.

याच काळात अटलांटिकच्या पलीकडे बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांची मंडळी वेगळ्या वाटेने त्याच गावाला निघाली होती. २७ एप्रिल १९३३ ला फिलाडेल्फियातला ऑर्केस्ट्रा तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला गेला. त्यांनी दोन नाही, तीन आवाज पाठवले: डावा, मधला, उजवा. का बरं? कारण दोन स्पीकरच्या मधोमध जो आवाज ऐकू येतो तो आभास असतो. तिथे स्पीकर नसतोच. तुम्ही बरोब्बर मध्ये बसलात तर आभास पक्का, जरा सरकलात की तो तुमच्या जवळच्या स्पीकरकडे पळतो.

घरचाच हिशेब करा. दोन स्पीकरमध्ये २ मीटर अंतर आहे आणि सोफा अडीच मीटर मागे आहे. तुम्ही मधल्या जागेवरून फक्त अर्धा मीटर डावीकडे सरकलात, म्हणजे शेजारच्या सीटवर बसलात. आता डावा स्पीकर उजव्यापेक्षा सुमारे ३७ सेंटीमीटर जवळ झाला. त्याचा आवाज साधारण एक मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्यावर मेंदू निकाल देऊन टाकतो की आवाज डावीकडूनच आला. म्हणजे मध्ये बसलेल्या बाबांना हिरो पडद्यावर बोलताना ऐकू येतो आणि कडेला बसलेल्या तुम्हाला तो टीव्हीच्या डाव्या काठावरून बोलतो. १९३१ मधल्या त्या थिएटरात आणि तुमच्या हॉलमध्ये मग फरक काय राहिला? मधला स्पीकर हवा तो यासाठी. सिनेमातले बहुतेक संवाद त्याच्यातूनच येतात.

थिएटरात पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि त्यामागे डावा, मधला, उजवा असे तिन्ही स्पीकर सारखेच उभे असतात. १९७५ मध्ये शोले ७० एमएमवर स्टिरिओफोनिक आवाजात आला, तेव्हा मुंबईच्या मिनर्व्हात लोकांनी जे अनुभवलं ते या पडद्यामागच्या रांगेमुळे. घरी मात्र मध्ये टीव्ही येतो. त्यातून आवाज आरपार जात नाही. म्हणून मधला स्पीकर आडवा करून टीव्हीखाली सरकवतात, आणि बऱ्याच तक्रारी इथूनच सुरू होतात.

त्यामुळे खरेदी करताना माझं मत स्पष्ट आहे. बजेट थोडं असेल तर मागचे स्पीकर नंतर घ्या, पण समोरचे तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच मालिकेचे घ्या. एकाच घराण्याचे म्हणा ना. बारीक आवाजाचा ट्वीटर तिन्हींत सारखा असेल तर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना तिचा आवाज मध्येच बदलत नाही. जुने डावे-उजवे ठेवून दुसऱ्याच कंपनीचा मधला स्पीकर आणला, तर माणूस चालता चालता घसा बसल्यासारखा वाटतो. जागा असेल तर सगळ्यात चांगला मधला स्पीकर म्हणजे डाव्या-उजव्यासारखाच तिसरा, उभा ठेवलेला. टीव्ही भिंतीवर असेल तर बुकशेल्फ प्रकारचा स्पीकर खाली उभा बसतो का, ते टेपने मोजून बघा.

आडवाच घ्यावा लागला तर पुढची जाळी काढून आत बघा. मध्ये ट्वीटर आणि दोन बाजूंना दोन सारखे मोठे ड्रायव्हर, अशी रचना सगळीकडे दिसते. समोर बसणाऱ्याला ती छान वाटते. कडेला बसणाऱ्याला मात्र एक ड्रायव्हर जवळ आणि दुसरा लांब पडतो, दोघांच्या लाटा काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि नेमके शब्द अस्पष्ट होतात. ज्याच्यासाठी मधला स्पीकर आणला, त्या कडेच्या माणसालाच तोटा. सोफा लांब असेल तर ट्वीटरच्या खाली किंवा वर वेगळा छोटा मिडरेंज ड्रायव्हर असलेला घ्या. महाग पडतो, पण या एका जागी पैसे घाला.

बाकी फुकटातली कामं. मधला स्पीकर टीव्हीच्या कपाटात खोल ढकलू नका, त्याचं तोंड फळीच्या काठाशी येऊ द्या आणि तो खाली असेल तर पुढून जरा उचलून कानांच्या दिशेने तिरका करा. डावा-उजवा असे ठेवा की तुम्ही आणि ते दोघे मिळून साधारण समभुज त्रिकोण होईल. सबवूफर असेल तर रिसीव्हरमध्ये समोरच्या तिघांना ८० हर्ट्झच्या आसपास कापा. आणि तिघांचं सोफ्यापासूनचं अंतर टेपने मोजून रिसीव्हरमध्ये भरा. ते दिलं की रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून धरतो. ३४ सेंटीमीटरला एक मिलिसेकंद, हे गणित वर आलंच आहे.

तर, ब्लुमलाइन टेलिव्हिजनकडे गेला. तिथेही त्याने कमाल केली. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून टेलिव्हिजन सेवा सुरू केली. सुरुवातीला जॉन लोगी बेअर्डची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची पद्धत आळीपाळीने वापरली जायची. काही महिन्यांतच बेअर्डची बंद झाली. ४०५ रेषांचं प्रक्षेपण ब्रिटनमध्ये थेट १९८५ पर्यंत चाललं. या पद्धतीच्या सर्किटांत ब्लुमलाइनचा हात मोठा. दोन तारांवर आलेला सारखा गोंगाट वजा करून फक्त कामाचा सिग्नल वाढवणारं एक सर्किट त्याने १९३६ मध्ये पेटंटला दिलं. मे १९३७ मध्ये सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक टीव्हीवर दाखवताना लांब केबलवर ते कामी आलं. आज ऑडिओच्या जवळपास प्रत्येक चिपमध्ये या सर्किटाचे वंशज बसलेले आहेत. वजाबाकीचं या माणसाला वेडच होतं!

१९३३ मध्ये त्याचं डोरीनशी लग्न झालं होतं, दोन मुलगे झाले होते. त्याला विमान उडवायचा नाद होता, घोडेस्वारीचा नाद होता, संगीत आवडायचं. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या नावावर १२८ पेटंट होती. मोजायला गेलं तर नोकरीच्या काळात दीड-दोन महिन्यांना एक पडतं.

मग युद्ध आलं. ब्रिटनच्या बॉम्बर विमानांना रात्री, ढगांतून, खालचं शहर दिसत नव्हतं. त्यासाठी विमानाच्या पोटातून जमीन बघणारं रडार बनत होतं, नाव एच टू एस. ब्लुमलाइन त्यावर काम करत होता. ७ जून १९४२ ला डेफर्डच्या विमानतळावरून एक हॅलिफॅक्स विमान चाचणीसाठी उडालं. आत रडारचा नमुना होता, ब्लुमलाइन होता, ईएमआयमधले त्याचे सहकारी सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायथन होते. हवेत एका इंजिनाला आग लागली ती विझली नाही. वेल्श बिकनॉर गावाजवळ विमान कोसळलं. आतले सगळे ११ जण गेले. चौकशीत कारण निघालं ते इंजिनातला एक नट नीट आवळलेला नव्हता. ब्लुमलाइनचा एकोणचाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता.

एवढा मोठा माणूस गेला आणि कुणाला सांगता येईना. एवढे तज्ज्ञ एका विमानात होते, म्हणजे त्या विमानात काय होतं, हे जर्मनांनी लगेच ओळखलं असतं. बातमी दाबून ठेवली गेली. डोरीनच्या पदरात दोन लहान मुलं, आणि नवरा कशासाठी गेला हे चारचौघांत बोलायची सोय नाही. रडारचं काम मात्र थांबलं नाही. जानेवारी १९४३ च्या शेवटी एच टू एस हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात पहिल्यांदा वापरलं गेलं. ज्या शोधासाठी तो गेला, त्याने किती शहरं जाळायला मदत केली हा विचार मनात येतो, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

युद्धानंतर लोक पुढे गेले. १९५० च्या दशकात अमेरिकेत वेस्ट्रेक्स कंपनीने काटकोनातल्या दोन भिंतींच्या खाचेची स्टिरिओ रेकॉर्ड आणली आणि १९५८ पर्यंत जगभर तीच पद्धत रुळली. ब्लुमलाइनच्या कागदांत ती २६-२७ वर्षं आधीच होती. त्याची पहिली पुस्तकरूप चरित्रं यायला १९९९ आणि २००० साल उजाडलं. ईलिंगमधल्या त्याच्या घरावर निळी पाटी १९७७ मध्ये लागली. २०१७ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी त्याला तांत्रिक पुरस्कार दिला, मरणानंतर ७५ वर्षांनी.

हेज स्टेशनवरची ती रेल्वेची फिल्म टिकून आहे आणि शोधलीत तर इंटरनेटवर मिळते. फोनच्या स्पीकरवर बघू नका, काही कळणार नाही. दोन स्पीकर जोडा, मध्ये बसा आणि गाडी जाऊ द्या. मग शेजारच्या सीटवर सरका आणि पुन्हा एकदा लावा.